सहा आठवडे, दोन मीटर

श्रावणातल्या एका शनिवारी संध्याकाळी माझी भाची पनवेलहून एसटीनं निघाली आणि वडखळच्या नेहमीच्या कोंडीतून सुटून, अलिबागला गाडी बदलून, अंधार पडल्यावर किहीमला पोचली. पाठीवर सॅक आणि छातीशी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला प्रबंध. चार महिन्यांपूर्वी तिला पीएच.डी. मिळाली होती. फेलोशिप संपलेली, आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं तर वर्षातले निम्मे महिने हातात काही नाही. म्हणून विद्यापीठाबाहेरची नोकरी बघायचं तिनं ठरवलं होतं. मी तीस वर्षं एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली आणि त्यातली शेवटची बारा वर्षं माणसं निवडणाऱ्या मंडळावरही बसलो. त्यामुळे बायोडेटा मामाला दाखव, असं घरी सगळ्यांनी तिला सांगितलेलं.

रविवारी सकाळी पडवीत बसलो. पाऊस उघडझाप करत होता. तिनं तीन पानं पुढे केली. पहिल्या पानावर नावाखालीच ठळक अक्षरात प्रबंधाचं शीर्षक होतं: ‘रायगड जिल्ह्यातील किनारी खारजमिनींच्या क्षारतेतील हंगामी बदल व भाताच्या स्थानिक वाणांचा प्रतिसाद.’

“हे काढ,” मी म्हटलं.

“शीर्षक?”

“हो. मागच्या पानावर एका ओळीत राहू दे. पहिल्या पानावर नको.”

“मामा, साडेचार वर्षं आहेत त्या ओळीत.”

“तुझी आहेत. वाचणारा त्या ओळीपाशी पाच सेकंदसुद्धा थांबणार नाही. त्याच्यापुढे साठ अर्ज पडलेत आणि अर्ध्या तासानं त्याला दुसऱ्या मीटिंगला जायचंय.”

“मग काय लिहू तिथं? आमच्याकडे एक कार्यशाळा झाली होती. त्या बाईंनी सांगितलं, प्रबंध लिहिला म्हणू नका, ‘दीर्घ मुदतीचा प्रकल्प पूर्ण केला’ म्हणा. एम.एस्सी.च्या दोन मुलींना मी मीटर धरायला शिकवलं, ते झालं ‘टीम लीडरशिप’. शेतकऱ्यांशी बोलले, ते ‘स्टेकहोल्डर एंगेजमेंट’. बांधावर एक आजोबा होते. दुपारी मला ताक आणून द्यायचे, आणि भरतीचं पाणी अडवणाऱ्या कुठल्या उघाडीची फळी सडलीय हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांना मी स्टेकहोल्डर लिहू?”

“नको लिहू.”

“मग तूही तेच सांगतोयस की. शब्द तेवढे बदलून.”

ती चिडली होती, आणि तिचं चिडणं मला पटत होतं. असे शब्द मी बारा वर्षं वाचले. शंभर अर्जांत शंभर वेळा ‘टीम प्लेअर’ वाचलं की डोळे आपोआप पुढे सरकतात. तरी त्या बाईंच्या म्हणण्यातली एक गोष्ट मला बरोबर वाटत होती. विद्यापीठात माणूस आपल्या विषयापासून बोलायला सुरुवात करतो. नोकरी देणारा त्याच्या अडचणीपासून ऐकायला बसतो. या दोघांमधलं अंतर कुणाला तरी चालून जावं लागतं, आणि ज्याला नोकरी हवी त्यालाच ते चालावं लागतं.

मी तसं म्हटलं. ती म्हणाली, “का? त्यांनी चार पावलं टाकली तर काय बिघडेल? या किनाऱ्यावर थळला खत कारखाना आहे, डोलवीला पोलाद, नागोठण्याला पेट्रोकेमिकल, धाटावला आणि महाडला एमआयडीसी, तिकडे न्हावाशेवाचं बंदर. सगळ्यांचं काम पाण्यावर, मातीवर, हवेवर अवलंबून. आणि माती-पाणी मोजणारं माणूस समोर आलं की विचारणार, ‘इंडस्ट्रीचा अनुभव किती?’”

“विचारतात.”

“रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांना कुणी विचारला होता अनुभव? केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले, त्यात पारितोषिक मिळवलं आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.”

“मध्ये १९१८ सालची आय.सी.एस.ची परीक्षा होती. तिच्यात ते पहिले आले. झाडापानांचा अभ्यास केलेला माणूस राज्यकारभाराला चालेल, हे परीक्षेनं त्यांच्या वतीनं सांगितलं. तुझ्या वाटेवर तशी परीक्षा नाही. तुझं तुलाच सांगावं लागेल.”

यावर ती काही बोलली नाही. अंगणात उतरली आणि माडाखाली पडलेलं काहीतरी उचलून घेऊन आली. सुगरणीचं अर्धं घरटं. रात्रीच्या वाऱ्यानं पडलं असणार. आमच्या कुंपणाकडच्या माडाच्या झावळ्यांना दरवर्षी आठ-दहा तरी लटकलेली असतात. हातात घेतलं तर वजन जाणवत नाही. भाताच्या पातीचे आणि माडाच्या पानाचे दोऱ्यासारखे चिरलेले पट्टे, एकमेकांत अडकवून ओवलेले. आकार टोपीसारखा, खालून उघडा, मधून एक आडवी पट्टी. आतल्या बाजूला चिखलाचे वाळलेले गोळे चिकटवलेले. खालची लांब नळी अजून विणायचीच होती.

आमच्या गावात हे घरटं हातात आलं की सलीम अलींचं नाव निघतंच. तिच्याही तोंडी तेच आलं, कारण लहानपणी ही गोष्ट तिला मीच सांगितली होती. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते निसर्गविभागात गाइड लेक्चरर होते. तिथून बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकले. १९३० साली परत आले तर पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. त्याआधी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत, विद्यापीठाची पदवी नाही म्हणून, त्यांना घेतलं नव्हतं. पत्नी तेहमिना यांच्यासह ते इथं किहीमला येऊन राहिले आणि पावसाळाभर सुगरण बघत बसले. नर एकामागून एक घरटी विणायला घेतो. अर्धं झालं की माद्या येऊन आत शिरून बघतात. एखादीला पसंत पडलं की मग तो तिच्यासाठी नळी पुरी करतो आणि लगेच दुसरं घरटं सुरू करतो. हे त्यांनी इथं पाहिलं आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं.

“पुढचं महत्त्वाचं आहे,” मी म्हटलं. “त्यांच्याकडे नोकरी नव्हती. मग त्यांनी संस्थानांपुढे योजना ठेवली. तुमच्या राज्यात कुठले पक्षी आहेत याची नीट पाहणी झालेली नाही. तंबू, प्रवास, माणसं एवढा खर्च द्या, पाहणी मी करतो. हैदराबाद, मग त्रावणकोर, कोचीन, पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. सुगरणीवरचा लेख घेऊन निजामाच्या दरबारात गेले असते तर कुणी विचारलं असतं का? राज्याला जे नाही, त्यापासून त्यांनी सुरुवात केली. ते पुढेही तसंच. १९५७ साली कर्नाटकात क्यासानूरच्या जंगलात माकडताप निघाला. स्थलांतर करून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडांतून असले विषाणू आणतात का, हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेला पडला. त्या प्रश्नाच्या पैशातून १९५९ साली पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं मोठं काम उभं राहिलं. स्थलांतराचा अभ्यास त्यांना करायचाच होता. सांगताना सुरुवात गोचिडापासून केली.”

“आणि संस्थानांच्या कामाचा मोबदला?”

“मोबदला नाही. खर्च फक्त.”

“म्हणजे फुकट.” तिनं घरटं माझ्या मांडीवर ठेवलं. “मामा, हे तू मला उदाहरण म्हणून सांगतोयस? मला गेल्या महिन्यात एका ठिकाणहून हेच आलं. सहा महिने बिनपगारी काम करा, मग बघू. सलीम अलींना ते परवडलं. ज्यांच्या घरी पुढच्या महिन्याचं भाडं द्यायचंय, त्यांनी आपलं कसब असं दाखवायचं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. शिकलेल्या माणसाचं काम फुकट करून घ्यायची आणि त्याला संधी म्हणायची जी पद्धत पडली आहे, ती मला चुकीची वाटते. साडेचार वर्षं जिनं काम करून दाखवलं आहे, तिची आणखी सहा महिने परीक्षा घेण्याचं कारणच नाही. दाखवायचं ते साडेचार वर्षांतलंच दाखवावं.

“आणि दुसरं,” ती म्हणाली. “मादी आत शिरून बघते. चिखल लावलाय का, वीण घट्ट आहे का, आतून बघते. तुमच्या मुलाखतीत आत कोण शिरतं? खालून मान वर करून बघतात आणि विचारतात, नळी कुठाय?”

मी प्रबंध मागून घेतला. एकशे ऐंशी पानं. उभ्या-आडव्या तक्त्यांची सवय असल्यानं मला तो जड गेला नाही. धरमतर खाडीच्या काठची खाचरं, बाहेरचा बांध, उघाड्या. पाऊस सुरू झाला की मातीतलं मीठ हळूहळू धुऊन खाली जातं, मग पेरणी. भात दोनदा नाजूक असतं, रोप असताना आणि फुलोऱ्याला, आणि त्या वेळी पाणी किती खारट यावर दाण्याचं सगळं ठरतं. काळा रता, भुरा रता ही जुनी वाणं कुठं तग धरतात आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं काढलेली पनवेल-१, २, ३ कुठं सरस ठरतात. चांगलं काम होतं. तरी मनात म्हटलं, ही अर्ज करणार आहे ती पुण्याची कंपनी हे वाचून हिला घेणार नाही. कंपनी शहरांच्या पाणीपुरवठ्यावर सेन्सर बसवायची. भाताशी तिला काय कर्तव्य?

मग परिशिष्टात आलो. तिसऱ्या परिशिष्टात, पान एकशे एकाहत्तरवर, बारीक टायपात, पाण्याच्या वाहकतेवरून त्याचा खारटपणा मोजणाऱ्या दोन मीटरांची तुलना होती.

“हे काय आहे?”

“ते काही नाही. पहिल्या वर्षी विभागातला जुना ईसी मीटर वापरला. दुसऱ्या वर्षी नवा आला. म्हणून दोन्ही जुळवून बघितले.”

“कसे जुळवलेस?”

“जुना लगेच टाकला नाही. सहा आठवडे दोन्ही घेऊन जायची. एकाच बादलीतलं पाणी, आधी एक, मग दुसरा. रोज सकाळी पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात दोन्ही तपासायचे. १.४१३ आलं पाहिजे. प्रयोगशाळेत दोन्ही बरोबर यायचे. शेतात सकाळी सातला जवळपास जुळायचे. दुपारी दोनला जुना जास्त दाखवायचा.”

“तापमान.”

“हो. जुन्यात तापमानाची दुरुस्ती होतच नव्हती. पाणी एका अंशानं तापलं की वाहकता साधारण दोन टक्के वाढते. दुपारी खाचरातलं पाणी तेहतीस अंशांवर जायचं. पंचवीसच्या वर आठ अंश म्हणजे सोळा टक्के जास्त. म्हणजे पहिल्या वर्षाची दुपारची सगळी मापं फुगलेली.”

“मग टाकून दिलीस?”

“नाही. प्रत्येक मापाशेजारी वेळ आणि पाण्याचं तापमान लिहिलेलं होतं. सगळी परत काढली. अकराशेच्या वर होती. दोन आठवडे लागले.”

“तापमान का लिहीत होतीस? कुणी सांगितलं होतं?”

“नव्हतं सांगितलं. लिहून ठेवलेलं बरं, म्हणून.”

मी चष्मा काढला. हिच्या बायोडेटाच्या तीन पानांत याबद्दल एक अक्षर नव्हतं. शोधनिबंध होते, परिषदा होत्या, एक्सेल येतं हेही होतं. आपण वापरतो ते यंत्र खोटं बोलतंय हे जिला स्वतःहून कळलं, जिनं ते झाकलं नाही आणि मागचं वर्षभराचं काम सावरण्याइतक्या नोंदी जिच्याकडे होत्या, ती मुलगी तिच्याच अर्जात सापडत नव्हती.

“अलिबागची मॅग्नेटिक ऑब्झर्व्हेटरी तुला माहीत आहे,” मी म्हटलं.

“समुद्रावरची. शाळेची सहल गेली होती. लोखंड न वापरता बांधलेली.”

“ती इथं का आली?”

तिला माहीत नव्हतं. पूर्वी पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापं मुंबईत कुलाब्याला घेत. मग शहरात विजेच्या ट्राम आणायचं ठरू लागलं. विजेचे प्रवाह जवळून जाऊ लागले की सुया हलणार आणि पन्नास-साठ वर्षांची नोंद बिघडणार. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेचे संचालक होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. मापं घ्यायची जागा हलवून अलिबागला आणली, १९०४ साली. पण अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापं घेतली. दोन जागांत किती फरक पडतो हे कळलं, आणि जुनी नोंद नव्या नोंदीला जोडली गेली. १८४६ ते १९०५ ची कुलाब्याची मापं मूस यांनी १९१० साली छापून ठेवली.

“कुणासाठी?” तिनं विचारलं.

“त्यांना तरी कुठं माहीत होतं! १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून मोठं वादळ पृथ्वीवर आदळलं. तेव्हाची कुलाब्याची मापं या नोंदीत आहेत. २००३ साली, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी, ती घेऊन ते वादळ किती मोठं होतं याचा हिशोब शास्त्रज्ञांनी केला. आज उपग्रह चालवणाऱ्यांना आणि वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांना तो लागतो. तू सहा आठवडे केलंस तेच मूस यांनी दोन वर्षं केलं.”

ती हसली नाही, पण पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकली. “मी त्याला काम समजतच नव्हते. आमच्याकडे ते परिशिष्टात जातं.”

“आणि त्या कंपनीचा दिवस त्यातच जातो. पाण्यात बसवलेला सेन्सर महिन्या-दोन महिन्यांत सरकतो. त्याच्यावर शेवाळ चढतं, तापमान बदलतं. आकडा तर येत राहतो, पण तो खरा आहे की यंत्राचा भास, हे सांगणारं माणूस त्यांना हवंय. त्यांच्या जाहिरातीत तिसऱ्या ओळीत ‘डेटा क्वालिटी’ लिहिलंय, ते हेच. भात राहू दे. पान एकशे एकाहत्तर पहिल्या पानावर आण.”

“म्हणजे भाताचं काम बाजूला टाकायचं.”

“पहिल्या पानावरून.”

“नाही पटत मला.” ती पुन्हा सरसावली. “मीटर मी भातासाठी जुळवले. फुलोऱ्याला नेमकी किती क्षारता आहे हे कळायला हवं होतं, नाहीतर कुठलं वाण कुठं लावायचं हे त्या शेतकऱ्यांना चुकीचं सांगितलं असतं. प्रश्न होता म्हणून काटेकोरपणा आला. तू प्रश्न काढून टाकतोस आणि नुसता काटेकोरपणा विकायला ठेवतोस. असा सुटा काटेकोरपणा नसतोच मुळी.”

हा मुद्दा तिचा आणि मी तो मान्य केला. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळानं श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा पंचनाम्यात हाच प्रश्न होता. नुकसान हेक्टरी मोजायचं की झाडामागे? चार-सहा गुंठ्यांच्या वाडीत नारळ-सुपारी दाटीनं उभी असते. हेक्टराच्या हिशोबात तिच्या वाट्याला येतं ते अगदी थोडं. बागायतदार झाडामागे मदत मागत राहिले आणि शासनाला ते मान्य करावं लागलं. काय मोजायचं हे कोणासाठी मोजतोय त्यावरून ठरतं, आणि चांगला संशोधक हे विद्यापीठात शिकलेला असतो. अर्जात ते उतरायला हवं असेल तर शेतकरी अर्जात यावाच लागेल.

“बरं. तीन ओळी भाताच्या,” मी म्हटलं.

“पाच.”

दुपारी जेवणं झाली. ती जमिनीवर कागद पसरून मराठीतच मसुदा लिहायला बसली. इंग्रजी मागाहून, असं मीच सुचवलं होतं; आधी आपल्या भाषेत सरळ सांगता आलं की उसने शब्द येत नाहीत. मी आरामखुर्चीत पडलो होतो. झोप येत नव्हती. सकाळपासून एक गोष्ट मनात घोळत होती, ती तिला सांगितल्याशिवाय तिच्या अर्जाला हात लावायचा मला अधिकार नाही असं वाटू लागलं.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कारखान्यात पाण्याच्या विभागासाठी मुलाखती होत्या. पाणी नदीतून यायचं. उन्हाळ्यात नदीचा जोर संपला की उधाणाच्या भरतीला खारं पाणी वर चढतं. पाण्यात क्लोराइड वाढलं की गरम चालणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांना केसासारख्या भेगा पडतात. आम्ही प्रत्येकाला विचारत होतो, क्लोराइड किती दिवसांनी तपासाल? एक उमेदवार पीएच.डी. झालेला होता. तो म्हणाला, “आत्ता सांगता येणार नाही. आधी महिनाभर वेगवेगळ्या वेळांना मोजीन, मग ठरवीन.” दुसरा म्हणाला, “दर चौदा दिवसांनी.” आम्ही दुसऱ्याला घेतलं. पहिल्याच्या नावापुढे मी माझ्या हातानं ‘पुस्तकी’ असं लिहिलं.

“चौदा दिवस,” भाची म्हणाली. तिच्या लक्षात लगेच आलं.

“हो. सकाळी अकराला, दर चौदाव्या दिवशी. आपल्या किनाऱ्यावर पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती पुरी होते, अष्टमीला त्याच वेळी ओहोटी. उधाण पुनवे-अवसेला, भांग, म्हणजे लहान भरती, अष्टमीला. पहिला नमुना अष्टमीच्या दिवशी घेतला गेला. चौदा दिवसांनी पुन्हा तीच तिथी आसपास, पुन्हा भांग, पुन्हा ओहोटी. मार्चअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत चार नमुने, चारही गोडे. उधाणाचं पाणी आम्ही एकदाही बाटलीत भरलं नाही. मेअखेर नळ्या गळायला लागल्या आणि प्लांट नऊ दिवस बंद ठेवावा लागला.”

“कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं.”

“तो उमेदवार तेच करणार होता. महिनाभर वेगवेगळ्या वेळांना मोजणार होता.”

थोडा वेळ ती गप्प बसली. मग मला जे ऐकायचं नव्हतं ते म्हणाली. “आणि सकाळपासून तू मला सांगतोयस, अंतर मी चालायचं.”

“त्यानं अजून दोन वाक्यं बोलायला हवी होती. भरती म्हणाला असता, तिथी म्हणाला असता, तर आम्ही जागे झालो असतो. ‘सांगता येणार नाही’वर थांबला, तिथं आम्हाला तो कच्चा वाटला. म्हणून तुला सांगतोय की ‘माहीत नाही’ म्हणालीस तर त्याच्यामागे ‘असं शोधीन’ हेही लगेच म्हण. वाट बघू नकोस कुणी विचारायची.”

“त्याला वेळ दिला होतात?”

मी आठवून बघितलं. प्रत्येकाला बारा मिनिटं होती. त्याचं उत्तर आलं आणि आमच्यातल्या एकानं लगेच पुढचा प्रश्न विचारला. एवढं मला नक्की आठवतं, कारण तो पुढचा प्रश्न मीच विचारला होता.

“नाही,” मी म्हटलं.

मुलाखत घेणाऱ्यांनी एक प्रश्न तरी विचारावा असं त्या प्रसंगानंतर मी मंडळावर सारखा म्हणत आलो: तुमचं चुकलं होतं हे तुम्हाला कधी आणि कशावरून कळलं? संशोधन केलेल्या माणसाकडे याचं उत्तर हटकून असतं, आणि ज्याच्याकडे नसतं त्याचंही मग लगेच कळतं. माझ्या मंडळावर हा प्रश्न पुढे विचारला जाऊ लागला. त्या उमेदवाराला त्याचा काही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी तिनं मसुदा वाचून दाखवला. पहिला परिच्छेद असा होता:

“धरमतर खाडीकाठच्या शेतकऱ्यांना कोणत्या खाचरात कोणतं भात लावावं हे सांगता यावं म्हणून मी तीन पावसाळे पाण्याची क्षारता मोजली. दुसऱ्या वर्षी नवा मीटर आला. जुना बंद न करता सहा आठवडे मी दोन्ही मीटरनी एकाच पाण्याचं माप घेतलं. सकाळी आकडे जवळपास जुळत, दुपारी जुना सोळा टक्क्यांपर्यंत जास्त दाखवी. त्यात तापमानाची दुरुस्ती होत नव्हती. प्रत्येक मापाशेजारी पाण्याचं तापमान लिहिलेलं असल्यामुळे पहिल्या वर्षाची अकराशेहून जास्त मापं मला दुरुस्त करता आली. त्यानंतरही उघाडीजवळच्या एका खाचरातलं पाणी सप्टेंबरमध्ये अपेक्षेपेक्षा खारट राहिलं. बांधातल्या खेकड्यांच्या बिळांतून ते झिरपत असावं असं मला वाटतं, पण तसं मला दाखवून देता आलेलं नाही.”

“शेवटची दोन वाक्यं काढ,” मी म्हटलं. “पहिल्याच परिच्छेदात, ‘दाखवून देता आलेलं नाही’?”

“तूच म्हणालास, माहीत नाही म्हण आणि पुढे कसं शोधशील ते सांग.”

“मग सांग की.”

तिनं पेन घेतलं आणि खाली एक ओळ वाढवली: “पुन्हा संधी मिळाली तर ओहोटीला बिळांपाशी रंग सोडून तो खाचरात उतरतो का ते बघेन.” मग कागद माझ्याकडे दिला. “आता?”

मला अजूनही ती वाक्यं दुसऱ्या पानावर हवी होती. मुलाखतीच्या टेबलापलीकडचा माणूस मला माहीत आहे. एकशे एकाहत्तराव्या पानापर्यंत तो कधी येत नाही आणि पहिल्या पानावर कबुली दिसली की दचकतो. मी हे सगळं तिला पुन्हा सांगितलं. शिवाय बिळांत रंग सोडायचा तो ओहोटीला की भरतीला, यावर आमचा आणखी पाऊण तास वाद झाला. बाहेरून दाब भरतीलाच येतो, ओहोटीला रंग उलट खाडीकडे जाईल, असं माझं म्हणणं. तिनं कागदावर बांधाचा उभा छेद काढला, आतली आणि बाहेरची पातळी दाखवली, विचार केला आणि ‘ओहोटीला’ खोडून ‘भरतीला’ केलं.

बाकीचं तसंच ठेवलं. सोमवारी पहाटेच्या गाडीनं ती परत गेली. परवा तिचा फोन आला. अर्ज पाठवला होता, इंग्रजीत, ती दोन वाक्यं पहिल्याच परिच्छेदात ठेवून. मग तिनं विचारलं, त्या उमेदवाराचं बरोबर होतं, हे त्याला कुणी कळवलं का?

कुणी कळवलं नव्हतं. त्याचं नाव मला आठवतं. रत्नागिरी जिल्ह्यातला होता, एवढंही आठवतं. कारखान्यातल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे त्या वर्षांच्या डायऱ्या असतील. मी त्याला आज फोन केला आहे.